अकरा महिन्यांचं वर्ष

मे महिना अर्धा सरला की पुण्यात घरं चालू लागतात. परीक्षा संपलेल्या असतात, शाळा अजून उघडलेल्या नसतात, आणि सकाळी साडेसात-आठपासून सिंहगड रोडवर छोटे टेम्पो दिसू लागतात. टेम्पोत एक लोखंडी कपाट आडवं पडलेलं असतं. त्याच्या आरशातून रस्त्यावरचे गुलमोहर उलटे धावत जातात. कपाटावर गाद्या, गाद्यांवर कूलर, आणि कूलरला मिठी मारून घरातलं कुणीतरी बसलेलं. हे बसलेलं माणूस नेहमी मागे बघत असतं. पुढे बघायचं काम ड्रायव्हरचं.

मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा राहतो. निवृत्त माणसाला बघत राहण्याचं काम आपोआप मिळतं आणि त्यातून कुणी काढूनही टाकत नाही. पूर्वी मला या मिरवणुकीची मजा वाटायची. कुणाचा फ्रिज केवढा, कुणाकडे अजून पितळी पिंप आहे, कुणी तुळस मांडीवर घेतली आहे आणि कुणी सासूला पुढे बसवलं आहे, यावर मी बायकोला घरातल्या घरात धावतं वर्णन ऐकवत असे. ती एकदा शांतपणे म्हणाली होती, आपलं सामान निघेल तेव्हाही असंच ऐकवा. आता दोन वर्षं झाली, मी ऐकवत नाही. मे आला की मला धायरीतली एक जिन्याखालची खोली आठवते, आणि चहा गार होतो.

भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. का, ते मला एका वकिलांनी दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मी कळल्यासारखी मान हलवली. मला एवढंच कळलं, की जूनमध्ये केलेला करार पुढच्या वर्षी मेमध्ये संपतो, त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, मग मार्चमध्ये. म्हणजे माणूस एका खोलीत जितका जुना होत जाईल, तितकी त्याची भीती एकेक महिना अलीकडे येते. आपल्या पंचांगात अशी तूट भरून काढायला अधिक महिना ठेवला आहे. भाडेकरूच्या पंचांगात तो नाही.

नोकरीभर मी भूमापन कार्यालयात लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजल्या. कुणाचा बांध कुणाच्या शेतात दोन हात सरकला, हे सांगणं माझं काम. ज्यांना मुळात हद्दच नाही, अशी माणसं आमच्या कार्यालयाची पायरी चढत नसत. त्यामुळे ती असतात, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक करून दिलं नलूताईंनी. नलूताई या निवृत्त परिचारिका. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांचा आठ-दहा जणांचा गट बसतो. त्या खोलीत बाराही महिने गरम इस्त्रीचा वास असतो आणि नलूताईंचा स्वभावही साधारण त्याच तापमानाचा. ज्या कुटुंबाला घर सोडायला सांगितलं आहे, किंवा जे आधीच नातेवाइकांच्या पडवीत येऊन पडलं आहे, त्याच्यासाठी भाड्याची खोली शोधायची. मालकाकडे त्यांच्याबरोबर जायचं. अनामत गटाकडून भरायची. आणि मग ती खोली टिकावी म्हणून महिन्या-महिन्याला जाऊन भेटायचं. एवढंच आमचं काम.

बरोबर का जायचं, तर पुण्यात खोली जाहिरातीतून मिळत नाही, ओळखीतून मिळते. मालकाला दारात एक ओळखीचा किंवा ओळखीचा वाटेल असा माणूस लागतो. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ही तिन्ही माझ्याकडे होती, म्हणून मला घेतलं. चौथी गोष्टही माझ्याकडे होती, ती म्हणजे जीभ, आणि तिच्याबद्दल नलूताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं: विचारलं तेवढंच सांगायचं. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. इतरांना एकदाच सांगतात म्हणे.

छायाताई वानखेडे मला पहिल्यांदा भेटल्या त्या एप्रिलच्या अखेरीस, धायरीतल्या एका सात मजली इमारतीच्या जिन्याखाली. त्यांचे यजमान सुधाकर त्या सोसायटीचे वॉचमन होते. वाशिमकडून आलेलं कुटुंब, अकरा-बारा वर्षं त्याच खोलीत काढलेली. खोली म्हणजे जिन्याच्या पोटात बसवलेली तिरकी जागा. एका बाजूला माणूस उभा राहू शकत असे, दुसऱ्या बाजूला फक्त झोपू शकत असे. पलीकडे सगळ्या फ्लॅटचे विजेचे मीटर. त्यांची एक सलग घरघर भिंतीतून येत राहायची. त्यांची मुलगी प्रज्ञा हिनं दहावीचा सगळा अभ्यास त्या घरघरीत केला होता. मी तिला विचारलं, त्रास नाही का होत? ती म्हणाली, बंद पडली की होतो, कारण मग लाइट गेलेली असते.

जानेवारीत सुधाकर तापाचं निमित्त होऊन गेले. वॉचमन गेला की वॉचमनची खोली जाते. ती सोसायटीची असते, त्याची नव्हे. सोसायटीची माणसं वाईट नव्हती. मुलीची परीक्षा होऊ दे, म्हणाले. मे अखेरपर्यंत राहा. एक जूनला नवा वॉचमन बायकामुलांसह येणार होता. म्हणजे त्या महिन्यात एकाच खोलीवर दोन कुटुंबांचे डोळे होते, आणि दोघांकडे दुसरं काहीच नव्हतं.

छायाताई आसपासच्या चार घरी स्वयंपाक करायच्या. खोली धायरीतच हवी होती, नाहीतर ती चारही घरं सुटली असती. खोली मिळाली नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. त्या कुठंतरी एकट्या भागवतील, आणि प्रज्ञा मामाकडे वाशिमला जाईल. मामा चांगला होता, पण त्याच्या मते दहावी म्हणजे मुलीला भरपूर झालं. प्रज्ञाला पुढे शिकून नर्स व्हायचं होतं. ती हे मोठ्यानं म्हणत नसे. खोलीच्या तिरक्या भागात, जिथं फक्त आडवं झाल्यावर दिसेल अशा जागी, तिनं पेन्सिलीनं शरीरातल्या हाडांची नावं लिहून ठेवली होती. आईला ती दिसत होती. मलाही वाकल्यावर दिसली.

तेव्हा एकतीस मेच्या आत एक खोली. बाकी काही नाही.

पहिली खोली आक्कांची. आक्का म्हणजे जुन्या धायरी गावातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. जिथं त्यांच्या घरची ज्वारी व्हायची, तिथं आता त्यांची तीन मजली चाळवजा इमारत आहे. तळमजल्यावर त्या एकट्या राहतात आणि कोण किती वाजता आलं, कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे दारातल्या बाजेवरून ऐकतात. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली रिकामी होती. पूर्वेची खिडकी, बाहेर कडुनिंब. छायाताईंनी उंबऱ्यातूनच ती बघितली आणि मान खाली घातली. आवडलेली वस्तू आपल्याला आवडली आहे हे दुकानदाराला कळू नये म्हणून आपण जशी घालतो, तशी.

आक्कांनी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला. हिचे मालक काय करतात?

विचारलं तेवढंच सांगायचं, तर उत्तर तीन शब्दांचं होतं. ते वारले हो. पण समोर एक म्हातारी बाई कान देऊन बसलेली, दुपारची वेळ, निंबाची सावली, आणि मी. मी जिन्यापासून सुरुवात केली. मग मीटरची घरघर घेतली. जानेवारीतली थंडी घेतली. आक्कांचे डोळे भरून येताहेत हे दिसलं, तसा माझा आवाज खाली उतरला, कारण तिथं तो खाली उतरायला हवा हे मला नको तितकं चांगलं कळतं. आणि अगदी शेवटी, कुठून आलं मला माहीत नाही, मी म्हणालो की खुंटीला अजून त्यांची टोपी आहे, आणि पोरगी रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसते.

आक्का पदर तोंडाला लावून रडल्या. उठून आत गेल्या, आम्हा दोघांना चहा आणि बशीत शेव आणून दिली. छायाताईंच्या पाठीवरून हात फिरवला. मी मनात टेम्पो ठरवत होतो.

"न्हाई जमायचं बाबा," आक्का मला म्हणाल्या. "एवढं दुख माझ्या दारात नको. हिला येता-जाता बघीन आन् रोज रडीन. माझं वय न्हाई ऱ्हायलं आता."

आम्ही बाहेर आलो. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. कुठल्याशा मंगल कार्यालयातून सनईची ध्वनिफीत तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झाली. बरंच अंतर आम्ही चाललो. मग छायाताईंनी विचारलं, आवाज न चढवता, जणू एखाद्या भाजीत मीठ किती हे विचारावं तसं:

"काका, टोपी कुठं होती हो खुंटीला?"

मी काहीतरी पुटपुटलो. भाव यावा म्हणून, किंवा तसलंच काही.

"टोपी, शिट्टी, काठी, सारं सोसायटीनं आठव्या दिवशी मागून नेलं," त्या म्हणाल्या. "बदलीवरच्या माणसाला लागते ना. मीच धुऊन दिली टोपी. वाळत घातली तेव्हा प्रज्ञा म्हणे, आई, ओली असली की बाबांच्या डोक्याचा वास येतो." आणि थोड्या वेळानं, "काऊन खोटी सांगितली? खरी होती ना."

मी आयुष्यात अनेक मूर्खपणे केले आहेत आणि त्यांतले बहुतेक मी पुढे रंगवून सांगितले आहेत. एकदा दुसऱ्याच्याच शेताची मोजणी करून आलो होतो, पंचनाम्यासकट; तो किस्सा मी गेली तीस वर्षं लग्नाकार्यांत जेवणानंतर सांगतो आणि माणसं हसून हसून ताटं विसरतात. ही टोपी मी नलूताई सोडल्यास कुणालाही सांगितली नव्हती. इथं लिहिण्याआधी मी छायाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, पण छापायच्या आधी वाचून दाखवा, आणि जिथं थांबवीन तिथं थांबा. चार ठिकाणी थांबवलं. ती चार ठिकाणं या लेखात नाहीत.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र पक्की कळली. दुसऱ्याचं दुःख फार चांगलं सांगता आलं की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं. आक्का रडल्या; त्यांच्यापुरतं देणं तिथं संपलं. चहा दिला, शेव दिली, पाठीवर हात फिरवला. खोली द्यायची आता गरजच उरली नव्हती.

नलूताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, आपण आता एक करा, पुढच्या वेळी तोंडात सुपारी ठेवा.

पुढची वेळ चार दिवसांनी आली. आनंदनगरच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांच्या बंगल्यामागची खोली. गृहस्थ माझ्याच वयाचे, माझ्यासारखाच इस्त्रीचा शर्ट. आपण बसा, आपण पाणी घ्या, सगळं अदबीनं. मी शहाणा झालो होतो. विचारतील तेवढंच, आणि जमल्यास त्याहून कमी. त्यांनी कामाचं विचारलं, मी सांगितलं. किती माणसं, सांगितलं. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. वानखेडे म्हटल्यावर ते जरा सैल झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे आपल्यातलेच म्हणायचे?

विदर्भात हे आडनाव अनेक समाजांत असतं. ते मला ठाऊक होतं, त्यांना अर्धवट ठाऊक असावं. मी चहाचा घोट घेतला. मोठा घेतला. घोट गिळेपर्यंत प्रश्न निघून जाईल अशी माझी योजना होती. आधी मी बोलून खोटं सांगितलं होतं, आता गप्प बसून सांगत होतो. प्रगती म्हणाल तर एवढी.

छायाताईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आम्ही बौद्ध आहोत," त्या म्हणाल्या. "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल. चालत असंल तर सांगा, नाहीतर आत्ताच सांगा. मला दुपारची दोन घरं आहेत."

गृहस्थ म्हणाले, छे छे, आमचं तसं काहीच नाही हो, मी स्वतः अजिबात मानत नाही; फक्त मुलगा परदेशात असतो, त्याला एक शब्द विचारावा लागेल. त्या मुलाचं उत्तर दोन वर्षांत आलेलं नाही. बहुधा फार लांबच्या देशात असावा.

रिक्षात मी चिडलो होतो, हे कबूल करायला हवं. तोंडाशी आलेला घास गेला, असं मला वाटत होतं. मी म्हणालो, राहायला गेल्यावर फोटो लावता आला असता की, आधीच कशाला? छायाताई बाहेर बघत होत्या. उड्डाणपुलाचे खांब एकामागून एक मागे जात होते. त्यांनी मला काही पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हणाल्या, की काका, फोटो पेटीत ठेवून मी अकरा दिवससुद्धा नाही राहू शकत. तुम्हाला कुठं काही पेटीत ठेवावं लागलं कधी? मी आठवून पाहिलं. अजून आठवतो आहे.

मे संपत आला की उन्हाचा रंग बदलतो. पांढरं ऊन पिवळं होतं, संध्याकाळी सिंहगडाच्या बाजूला ढग चढतात आणि काही न करता परततात. आढीतल्या आंब्यांचा वास जिन्याजिन्यातून येतो. एरवी मला हे दिवस फार आवडतात. त्या वर्षी मी रोज दोन खोल्या बघत होतो आणि रोज दोन नकार घेऊन येत होतो. बाई एकटी आहे, नको. वॉचमनचं कुटुंब होतं, म्हणजे नातेवाईक येऊन राहणार, नको. मुलगी वयात आली आहे, नको. कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. पुण्यात नकार कमी शब्दांत आणि बहुवचनात येतो.

एकोणतीस तारखेला प्रज्ञा वाशिमच्या बसमध्ये बसली. खिडकीतून तिनं आईला विचारलं, गॅस बंद केलास ना? तो गॅस आता त्यांच्याकडे नव्हता. शेगडी आणि सिलेंडर नलूताईंच्या खोलीत ठेवलं होतं. छायाताई म्हणाल्या, केला. बस गेली.

एकतीसला सकाळी मी जिन्याखाली गेलो, तेव्हा छायाताई रिकामी खोली झाडत होत्या. दारात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, पायाशी दोन बोचकी. नव्या वॉचमनची बायको. छायाताईंनी तिला दाखवलं, पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कोणत्या कोपऱ्यात अंथरूण घालायचं नाही, कोणत्या मजल्यावरच्या बाई शिळं नाही ताजं देतात. ती बाई प्रत्येक गोष्टीला हो ताई म्हणत होती. मग दोघी वाकून तिरक्या भागात गेल्या. पेन्सिलीची अक्षरं बघून तिनं विचारलं, हे पुसू का? छायाताई म्हणाल्या, तुझी मर्जी, आता तुझं घर आहे.

त्यानंतरचे दिवस छायाताई नलूताईंच्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये झोपत होत्या आणि पहाटे उठून पहिल्या घरी पोळ्या करायला धायरीला जात होत्या. दहावीचा निकाल लागला. प्रज्ञाला चांगले गुण मिळाले. पण गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शाळेतून तिला स्वतः घ्यायचा होता, आणि ती वाशिमला होती. अकरावीच्या प्रवेशाच्या पहिल्या फेरीला ती मुकली. फोनवर ती रडली नाही. आई, मामा म्हणतो शिवणाचा क्लास आहे इथं जवळच, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारची दोन घरं आटोपून छायाताई एकट्याच आक्कांकडे गेल्या. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. मला तर नाहीच.

तिथं काय झालं ते मला आक्कांकडून कळलं, आणि नंतर त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं आहे की कथेकरी म्हणून मला त्यांचा थोडा हेवा वाटतो. आक्का म्हणतात, ती आली, पायरीवर बसली, आणि आधी काय म्हणाली ठाऊक हाय? आक्का, पाणी किती वाजता येतं? म्हटलं, साडेपाचला, पाऊण तास. म्हणली, मग माझं जमतंय, मी पाचला उठते. मग म्हणली, दार आतून लावायचं की बाहेरून? कपडे गच्चीत वाळवायचे का? फोटो लावला तर चालंल का, आमी बौद्ध हाय. म्हटलं, लाव की, भिंत काय माझी सासू हाय रागवायला?

"त्या दिवशी तुमी बोलत व्हता आन् ती गप व्हती," आक्का मला म्हणाल्या. "मला वाटलं, ही रडायलाच आल्या. आज ती बोलली तवा कळलं, ही ऱ्हायला आल्या."

मी यावर काही म्हणालो नाही. सुपारी तोंडात नव्हती, तरीही.

पुण्यात हल्ली भाडेकरार नोंदवायला कचेरीत जावं लागत नाही. एजंट घरी येतो, लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन. आक्कांच्या बाजेवर तो बसला. आधी आक्कांचा अंगठा. यंत्रानं घेतला नाही. पुन्हा ठेवला, नाही. शेतीत, शेणात, चुलीच्या राखेत गेलेल्या हाताची रेषच शिल्लक नव्हती. एजंट म्हणाला, मावशी, दुसरं बोट द्या. मधलं चाललं. मग छायाताईंचा अंगठा. तोही नाही. चार घरच्या कणका आणि चार घरची भांडी त्यावरून गेली होती. एकेक करत दहा बोटं झाली. यंत्रावर लाल दिवा लागायचा आणि एक बारीक आवाज यायचा, नाकारल्याचा. एजंटला हिंजवडीला पुढची भेट होती. तो घड्याळ बघू लागला. म्हणाला, आधार केंद्रात जाऊन बोटं अद्ययावत करून घ्या, मग बघू, आठ-दहा दिवसांत.

आठ-दहा दिवसांत अकरावीची दुसरी फेरी संपली असती, आणि प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार दाखवायचा होता. छायाताई उजव्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्याचा आहे. मला बोलायचं होतं, त्या एजंटला काहीतरी हृदयाला हात घालणारं ऐकवायचं होतं, आणि माझ्याकडे ते तयारही होतं. मी दाराची चौकट घट्ट धरून उभा राहिलो.

आक्का उठल्या. आतून खोबरेल तेलाची बाटली आणि ओलं फडकं घेऊन आल्या. छायाताईंचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा चोळू लागल्या, तान्ह्या मुलाची बोटं चोळावीत तशा. चोळायच्या, पुसायच्या, तोंडानं फुंकर मारायच्या. एजंट म्हणाला, मावशी, असं नसतं होत. आक्का म्हणाल्या, तू गप बस, तुझा अंगठा अजून कोवळा हाय. सहाव्या की सातव्या वेळी, डाव्या हाताच्या अंगठ्यावर, हिरवा दिवा लागला. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. छायाताईंनी फक्त विचारलं, हा कागद प्रवेशाला चालतो ना?

चौथ्या दिवशी प्रज्ञा परत आली. पण पहिली फेरी हुकली होती ती हुकलीच. धायरीजवळच्या महाविद्यालयात जागा उरली नव्हती; मिळालं ते येरवड्याच्या पलीकडचं. दोन वर्षं रोज दोन बस बदलून, सकाळी सहाला बाहेर. मी आक्कांपुढे ती दुपार रंगवली नसती, तर हे झालं नसतं. हे मी प्रज्ञाला एकदा सांगितलं. ती म्हणाली, काका, बसमध्ये जागा मिळाली की मी वाचते, नाही मिळाली की उजळणी करते. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका, तुम्ही आणखी बोलायला लागाल.

मी दर महिन्याला त्या खोलीवर जात राहिलो. खोली टिकणं कसं दिसतं, हे मला तिथं कळलं. ते फार हळू दिसतं. पहिल्या महिन्यात फोटो लागला. तिसऱ्यात खिडकीला जुन्या साडीचा पडदा. दिवाळीनंतर आक्का आणि छायाताई दारात बसून एकमेकींच्या डोक्याला तेल लावताना दिसल्या. पण प्रज्ञाची पुस्तकं दारामागच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहिली. तिला हवं ते पुस्तक ती वरून हात घालून काढायची, वाचून झालं की परत आत ठेवायची, आणि खोक्याला सुतळी बांधायची. मी एकदा म्हणालो, बाहेर मांड की. ती म्हणाली, करार कधी संपतो ते ठाऊक आहे मला. दुसरा करार झाला, तरी सुतळी होती. गेल्या महिन्यात तिसरा झाला. आता डावा अंगठा पहिल्याच वेळी लागतो.

या मेमध्ये तिचा बारावीचा निकाल लागला. नर्सिंगचे अर्ज भरून झाले. परवा मी गेलो, तर ती आक्कांना विचारत होती, भिंतीत फळी ठोकली तर चालेल का. आक्का म्हणाल्या, ठोक, पण खिडकीच्या अंगाला नको, आत वायर हाय. दुपारभर ठोकाठोक झाली. मी फळीचं एक टोक धरलं आणि ते सरळ आहे की नाही, यावर मत दिलं नाही. मग तिनं सुतळी सोडली आणि पुस्तकं एकेक करून वर मांडली. अकरावीची, बारावीची, आणि हाडांच्या चित्रांचं एक जुन्या बाजारातलं जाड पुस्तक, मधोमध.

खोकं रिकामं झालं. प्रज्ञानं त्याच्या कडा फाडायला घेतल्या, भंगारवाल्याला द्यायला म्हणून.

"राहू दे," छायाताई म्हणाल्या. "लागंल."

"नाही लागणार, आई."

छायाताईंनी तिच्या हातातून ते अलगद काढून घेतलं. चारही बाजू नीट दाबून घडी केली, सुतळीची गुंडाळी आत ठेवली, आणि गादी एका हातानं उचलून खाली सरकवून दिलं. मग गादी सारखी केली आणि तिच्यावर चादर ओढली. प्रज्ञा बघत राहिली. फळीकडे पाठ करून ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि चादरीचा तिच्या बाजूचा कोपरा तिनं खाली खोचला.